जुना कूलर कबाडीला देण्याआधी

नागपुरात टाकाऊतून टिकाऊ काही करायचं असेल तर मी आधी एकच विचारते: हे नवतप्यात टिकेल का? सूर्य रोहिणीत गेला की साधारण २५ मेपासूनचे ते नऊ दिवस. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि एरवीही ४४-४५ म्हटलं की आम्ही फक्त दुपारचं बाहेर पडणं टाळतो. अशा उन्हात पाण्याच्या बाटल्या कापून, रंगवून भिंतीला टांगलेल्या कुंड्या मला मनापासून नकोशा वाटतात. बाटलीत माती मावते ओंजळभर. ती अकरालाच तापते, मुळं शिजतात, आणि एकदोन उन्हाळ्यांत प्लास्टिक कडक होऊन त्याचे तुकडे मातीत मिसळतात. ते मग कोण वेचणार? बाटली माझ्याकडे कबाडीच्या पोत्यात जाते, बागेत येत नाही.

त्यापेक्षा आपल्या गावात घरोघरी जे मोडीत निघतं, तिकडे पाहावं. आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत दर उन्हाळ्याच्या तोंडाशी एखादा तरी लोखंडी कूलर फाटकाबाहेर उभा असतो. होळी झाली की ताट्या, म्हणजे बाजूंच्या जाळीत भरलेल्या लाकडाच्या भुशाच्या गाद्या, बदलायच्या, पावसाळा लागला की वरून ताडपत्री बांधायची, असं बरीच वर्षं चालतं आणि मग टाकी गळायला लागते. लोक सगळा कूलर वजनावर देऊन टाकतात. खरं तर त्यात गेलेली असते फक्त टाकी, आणि तीही पुरती गेलेली नसते. तिची चांगली कुंडी होते.

टाकी खालून का खाल्ली जाते, हे समजून घेतलं तर पुढचं काम सोपं होतं. कूलर पाणी उडवतो, पाण्यातले क्षार मात्र उडत नाहीत. रोज वरून नवं पाणी येतं, क्षार साठत जातात आणि पाण्याच्या रेषेवर पांढरी खपली धरते. तिच्याखाली जस्ताचा थर गेला की पत्रा गंजतो. ही खपली काढायला ॲसिड ओतू नका, उरलेलं जस्तही त्यासोबत जातं. उलथन्याने आणि विटेच्या तुकड्याने खरवडली की सुटते.

आतून डांबर लावलेलं असेल तर त्यात भाजी लावायची नाही, मोगरा किंवा सदाफुली लावावी. बाहेरचा रंग जुना असेल तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं किती असेल याचा भरवसा नाही. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचा, तोंडाला मास्क लावायचा, आणि उरलेला चिखल कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा, मातीत नाही. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्यासमोर करूच नका.

माझ्या टाकीचा एक कोपरा पार गेला होता. ती वेल्डिंगवाल्या भाऊकडे नेली. त्याने बोटाने पत्रा दाबून पाहिला आणि म्हणाला, "काकू, हा पत्रा गेला न. याच्यावर वेल्डिंग पकडतच नाही. खालून पट्टी मारून देतो, मंग पाहा." पट्टी मारण्याआधी त्याने कडेचं सगळं जस्त ग्राइंडरने उडवलं आणि वाऱ्याची दिशा पाहून उभा राहिला. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. घरी वेल्डिंग मशीन असणाऱ्यांनी हे त्याच्याकडून घ्यावं.

तळाला बोटाएवढी आठ-दहा भोकं, त्यावर खापराचे तुकडे, आणि टाकी कूलरच्याच अँगलच्या स्टँडवर. आतल्या चारही बाजूंना फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलच्या पट्ट्या उभ्या लावल्या, कारण लोखंडाला लागून असलेली माती दुपारी हात लावू देत नाही. बाहेरून गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड आणि वरून पांढरा रंग. नव्या कोऱ्या जस्ती पत्र्यावरून रंग पापुद्र्याने सुटतो, पण वर्षानुवर्षं उन्हापावसात राहिलेल्या पत्र्यावर तो चांगला धरतो. पांढरा सोडून दुसरा रंग मी सुचवणार नाही, कितीही सुंदर दिसला तरी.

मातीचं प्रमाणही इथलंच हवं. आपली काळी माती कुंडीत एकटी भरली तर पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मी एक भाग काळी माती, एक भाग जाड रेती आणि दोन भाग कुजलेलं शेणखत घेते. टाकी दोन फूट लांब-रुंद आणि आठ-नऊ इंच खोल असेल, तर भिजल्यावर तिचं वजन सहज शंभर किलोच्या वर जातं. ती गच्चीच्या मधोमध ठेवायची नाही, खालच्या भिंतीच्या किंवा बीमच्या डोक्यावर ठेवायची. माझी पूर्वेच्या भिंतीला आहे, दोन वाजल्यानंतर तिच्यावर ऊन नसतं. पुदिना, पालक, मेथी, कोथिंबीर यांना एवढी खोली पुरते. वांग्याचा हट्ट धरू नये.

कूलरचं बाकीचं सामानही कामाचं. ताट्यांची तारेची जाळी चौकटीसकट सोडवली की खत चाळायला उत्तम चाळणी होते, बाजारातली घमेल्याएवढी चाळणी तिच्यासमोर काहीच नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरावी. जुन्या ताट्यांचा भुसा दोन पाण्यांतून काढून क्षार घालवते, वाळवते आणि झाडांच्या बुडाशी पसरते. मातीत कालवत नाही, कारण लाकडाचा भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि पानं पिवळी पडतात. वरून पसरला तर तो त्रास होत नाही आणि ओल टिकते. कूलरची झापांची, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची, दारं मिरगात उपयोगी पडतात. भिंतीला तिरकी टेकवली की कारली-दोडक्याचा वेल झापांत तणावे अडकवत वर जातो. उन्हाळ्यात मात्र तो पत्रा कोवळे तणावे जाळतो, तेव्हा दारं सावलीत ठेवून द्यायची.

आता माठ. मला विचाराल तर या सगळ्यात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. दर वर्षी आपण नवा माठ आणतो, कारण जुन्यात पाणी गार होत नाही. गार न होण्याचं कारणही तेच, क्षार. माठाची छिद्रं बुजतात, पाणी बाहेर पाझरत नाही, पाझरलं नाही तर उडत नाही, आणि उडालं नाही तर गार होत नाही. जुना माठ बाहेरून नारळाच्या शेंडीने खसाखसा घासावा, दोनतीन दिवस कडक उन्हात पालथा ठेवावा, मग काठोकाठ भरून रात्रभर सोडावा. सकाळी पोटाला हात लावल्यावर ओल लागली तर तो बागेचा झाला. कोरडा ठणठणीत लागला तर त्याची खापरं कुंडीच्या भोकांवर घालायला घ्या.

ओल लागलेला माठ दोन झाडांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरायचा. काळ्या मातीत पुरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी: ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते. थेट तिच्यात पुरलेला माठ पावसाळ्यात दाबाने तडकू शकतो, आणि उन्हाळ्यात माती माठापासून सुटली की पाणी मुळांपर्यंत पोचतच नाही. म्हणून खड्डा मोठा घ्यावा आणि माठाभोवती चार बोटं जाड रेती-शेणखताचं मिश्रण दाबून भरावं. पुढचं काम माती करते. कोरडी असली की भिंतीतून पाणी ओढते, ओली झाली की ओढणं मंदावतं. वरून पाईपने घातलेलं पाणी नवतप्यात निम्मं तर वाऱ्यावरच जातं असं वाटतं, माठातलं सगळं खाली मुळांशी राहतं. माझ्या अंगणातलं लिंबू आणि शेजारची दोन वांगी एकाच माठावर आहेत. मे महिन्यात तो एक दिवसाआड भरते, थंडीत आठवड्याने पाहते. गळ्याचा उघडा भाग चुन्याने पांढरा करते. आणि झाकण घट्ट हवंच.

झाकणाचं एवढं का, तर डेंग्यू. बागेत जुन्या वस्तू ठेवणाऱ्या प्रत्येकाने ही जबाबदारी घेतली पाहिजे. एडिस डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात आणि बशीभर पाणी पुरतं. पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं, कुंडीखालची ताटली, उलट्या टायरची पोकळी, सगळं आठवड्यातून एकदा रिकामं करून काथ्याने घासायचं. नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. टायरच्या कुंड्या मी याच कारणाने करत नाही.

कुंड्या उंचावर ठेवायला संत्र्याच्या लाकडी पेट्या छान. आता बाजारात प्लास्टिकचे क्रेट जास्त दिसतात, पण कळमन्याच्या फळबाजारात शोधलं तर लाकडी पेटी अजून मिळते. फळ्या पातळ, लाकूड हलकं, फटी आयत्या. खिळे ठोकून पक्के करा आणि वरून जवसाचं तेल द्या. जवस आपल्या विदर्भातलंच पीक. हे तेल हवेत हळूहळू घट्ट होत लाकडावर चिवट थर धरतं. पातळ हात द्यावा, कपड्याने पुसून घ्यावा, चारपाच दिवस वाळू द्यावं, मग दुसरा हात. एक गोष्ट मात्र कृपा करून विसरू नका: तेल पुसलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात फेकायचे नाहीत. ते वाळताना स्वतःच तापतात आणि आपल्या उन्हाळ्यात पेट घेऊ शकतात. एकेक बोळा उघडून दोरीवर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जुन्या साड्यांचंही सांगते. सुती साडी दुहेरी करून रोपांवर बांधली की हिरव्या नेटसारखी सावली देते, पण एका उन्हाळ्यात ती विरते. नायलॉनची मातीत लवकर सडत नाही, म्हणून तिच्या पट्ट्यांची वेणी घालून मी पाण्याच्या डब्यातून कुंडीत वात सोडते. गावाला जाताना फार कामी येते. चांगल्या सुती साड्यांना कात्री लावू नये, त्यांची गोधडीच व्हावी.

कूलरचा पंप चालू असेल तर टाकून देऊ नका. डोक्याच्या उंचीपर्यंत तो पाणी चढवतो, त्यामुळे साठवलेलं धुण्याचं शेवटचं पाणी बादलीतून वरच्या कुंड्यांना देता येतं. पण वीज आणि ओले हात यांच्यापायी दर उन्हाळ्यात आपल्याकडे जीव जातात. वायर कुठेही सोललेली नको, जोड पाण्यात नको, प्लग काढल्याशिवाय बादलीत हात घालायचा नाही, आणि घरात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर आधी तो बसवा, पंप नंतर. पंख्याची मोटर कबाडी लोखंडाच्या भावात मागतो. ती त्या भावात देऊ नका, आत तांब्याचं वाइंडिंग असेल तर वाइंडिंगवाला जास्त पैसे देतो.