जुन्या शाळेचं बांधकाम वर्ष शोधताना: माझा अनुभव

आमची शाळा मराठवाड्यात, शहराच्या कडेला आहे. मी शिकत होतो तेव्हा ते गाव होतं, हद्दवाढीनंतर महापालिकेचा वॉर्ड झालं. शाळेच्या जुन्या दगडी खोल्या पाडायचं घाटत होतं. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला, तर उत्तर मिळालं, "इमारत कधीची ते कागदावर दाखवा."

सातबारा आणि जागेचा नकाशा सहज मिळाला. मुख्याध्यापिका बाईंनी प्रवेश-निर्गम रजिस्टर आनंदानं काढून दिलं. सगळ्यात जुनं रजिस्टर उर्दूत होतं. गल्लीतल्या एका चाचांनी दुपारभर बसून ते वाचून दाखवलं.

अडलं ते इमारतीच्या कागदापाशी. एका कार्यालयानं सांगितलं, शाळा हस्तांतरित झाली, फाईल तिकडं गेली. तिकडं गेलो तर, "आमच्याकडं फक्त शाळा आली, फाईल नाही." परत पहिल्या ठिकाणी. साहेब मीटिंगला. मग साहेब भेटले, पण अभिलेख कक्षाची किल्ली ज्यांच्याकडं ते रजेवर. अर्ज आवकला दिला तर पोच द्यायलासुद्धा खळखळ. माहिती अधिकारात अर्ज टाकला, तर एका ओळीचं उत्तर आलं: माहिती उपलब्ध नाही. मला आजही त्या ओळीचा राग येतो. कपाट न उघडताच ती लिहिली होती. कागद दुसऱ्या कार्यालयात असेल तर कलम 6(3) प्रमाणे अर्ज 5 दिवसांत तिकडं पाठवायचा असतो. तेही कुणी केलं नाही.

अशा वेळी गप्प बसू नका. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करा. सुनावणीत मी इमारतीची फाईल मागणं सोडलं आणि हस्तांतरणाच्या वेळची मालमत्ता यादी मागितली. शिवाय अभिलेख समक्ष पाहू द्या म्हणालो, तो हक्क कायद्यातच आहे. अपिलाच्या साहेबांनी तसा आदेश दिला. मग तेच कपाट उघडलं आणि धुळीनं भरलेल्या गठ्ठ्यात यादी निघाली. आमच्या शाळेपुढं दगडी खोल्यांची संख्या आणि बांधकामाचं फसली सन, म्हणजे निजामाच्या कारभारातलं वर्ष, लिहिलेलं होतं. इतका आनंद मला दहावीच्या निकालानंही झाला नव्हता.

आठवलं म्हणून सांगतो: माहिती अधिकाराचा अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लिहा, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.

फसली सनाचं गणितही सांभाळा. इसवी सन काढायला सगळे सरसकट 590 मिळवतात. हैदराबादचं फसली वर्ष आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्यामुळं ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी 590 आणि जानेवारीपासून पुढं 591 मिळवायचे. अमरदाद (फसलीचा नववा महिना) 1351 म्हणजे जून 1942, 1941 नव्हे.

आणि कुठं शोधायचं हे ठरवताना आपल्या भागाचा इतिहास डोळ्यांपुढं ठेवा. 1948 पर्यंत निजाम, मग हैदराबाद राज्य, 1956 ला मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र, 1962 ला जिल्हा परिषद, आणि शहरालगत असाल तर पुढं महापालिका. यातल्या प्रत्येक बदलाला कागद हललेत. म्हणून आधी हस्तांतरणाची यादी मागा. मिळाली की साक्षांकित प्रत घ्या आणि एक प्रत शाळेत ठेवा. आमची बाईंच्या कपाटात आहे, पाडायचा प्रस्ताव सध्या थांबलाय.