मान वाचून मान अवघडली: अपडेट ४

मंडळी, अपडेट लांबला कारण एकच, मॅजिक माउंटन. जर्मन कादंबरीकार थॉमस मान क्रमाने वाचायचा हा प्लॅन आठवतोय ना, बुडनब्रूक्स (१९०१) सव्वा महिन्यात उरकलं म्हणून याला मी दोन महिने लावले होते, चार झाले आणि मी अजून सहाव्याच प्रकरणात. प्रकरणं एकूण सातच आहेत हो, पण शेवटची दोन बघून घाम फुटतो.

मधे मधे चरित्र वाचतेय, त्यातली गंमत ऐका. १९१२ मधे त्याची बायको काट्या छातीच्या दुखण्यासाठी दावोसच्या सॅनटोरियममधे (स्वित्झर्लंडच्या डोंगरातलं क्षयरोग्यांचं इस्पितळ) होती, हा तिला भेटायला गेला तीन आठवडे, तर तिथल्या डॉक्टरने याचीच छाती ठोकून (खरोखर ठोकून) सांगितलं की तुम्हीपण राहा. हा पळाला म्युनिकला. मग १९१३ ला बसला एक छोटीशी विनोदी गोष्ट लिहायला, मधे महायुद्ध आलं, काम बाजूला पडलं, आणि ती 'छोटी गोष्ट', म्हणजेच मॅजिक माउंटन, छापून आली १९२४ ला, दोन खंडात! कादंबरीतला कास्टॉर्पपण तसल्याच सॅनटोरियममधल्या मावसभावाला भेटायला तीन आठवड्यांसाठी येतो आणि सात वर्षं राहतो. लेखक अडकला, नायक अडकला, आता माझा नंबर.

नवीन वाचणाऱ्यांना एकच सांगते, स्पीड मोजू नका. पहिला पूर्ण दिवसच अख्खं तिसरं प्रकरण खातो, आणि पुढे वर्षंच्या वर्षं कधी गेली कळत नाही, वरती डोंगरावर महिन्याच्या खाली हिशोबच नसतो. आणि ती 'मुकी बहीण'! आकडे नसलेला थर्मामीटर, पेशंटला स्वतःचा ताप वाचताच येऊ नये म्हणून, कारण एका मुलीला घरी जायचं नसतं आणि ती तापात गडबड करते. आम्ही शाळा बुडवायला हेच करायचो, आम्हाला मुकी बहीण भेटली नाही हे नशीब.

माझा घोळ: रद्दीवाल्याकडून घेतलेली जुनी कॉपी, लो-पोर्टरबाईंचं भाषांतर. पाचव्याच्या शेवटी कास्टॉर्प त्या शोशाबाईशी (तिथलीच एक पेशंट) फ्रेंचमधे बोलायला लागतो आणि बाईंनी ते फ्रेंच तसंच ठेवलंय, पानंच्या पानं! तीन दिवस मोबाईलवर शब्द बघत बसले, शेवटी वुड्सचं १९९५ चं भाषांतर मागवलं, त्यात ते इंग्लिशमधे आहे. तुम्ही सरळ तेच घ्या.

पण सगळ्यात जास्त डोक्यात बसलंय ते १९३३. हिटलर चॅन्सेलर होऊन दोन आठवडेपण झाले नव्हते, मान वाग्नर या जर्मन संगीतकारावर लेक्चरं द्यायला ॲमस्टरडॅम, ब्रसेल्स, पॅरिसला गेला, मग जरा सुट्टी म्हणून आरोसाला. म्हणजे परत स्विस डोंगर, दावोसच्या शेजारीच! तिथे फोनवर मुलं, एरिका आणि क्लाउस, आडून आडून सांगतायत की इकडे हवा खराब आहे, येऊ नका, आणि याला आधी कळतच नाही, हा म्हणतो इकडेपण खराबच आहे. नंतर एरिकानेच म्युनिकच्या घरात जाऊन त्याच्या जोसेफ कादंबरीचं हस्तलिखित बाहेर काढलं. जर्मनीत पाय ठेवला तो थेट १९४९ ला. सोळा वर्षं. सातसुद्धा नाही.

यानंतर क्रम मोडून 'अदलाबदल झालेली डोकी' (१९४०) घेणारे, वेताळ पंचविशीतली आपलीच गोष्ट, कर्नाडांचं हयवदन त्यावरूनच आलं. बारकं पुस्तक आहे, आठवड्यात होईल असं म्हणतेय खरं.