12 घोडे आणि 57 दिवस

इंजिन बदलायला आम्हाला चार शनिवार-रविवार लागले. ते बदललंय हे कॅलिफोर्निया राज्याच्या गळी उतरवायला 57 दिवस. म्हणून आधीच सांगतो, इंजिन कसं उतरवायचं हे शोधत इथे आला असाल तर त्याचे ढिगाने व्हिडिओ आहेत, ते बघा. मला त्या 57 दिवसांबद्दल बोलायचंय, कारण डोकं अजून पुरतं शांत झालेलं नाही.

गाडी 1990 ची माझदा मियाटा. लाल, दोन सीटची, टप काढता येणारी. फ्रीमॉन्टला राहतो, ऑफिसला दुसऱ्या गाडीने जातो, ही फक्त रविवारी सकाळी डोंगरातल्या वळणांसाठी. गेल्या वर्षाच्या शेवटी ती चढावर मरगळायला लागली. आधी प्लग, मग वायरी, मग पेट्रोल फिल्टर असं सगळं बदलून झालं. शेवटी मित्राने पुढची पुली हाताने हलवून बघितली तर ती लंगड्यासारखी डुलत होती.

ही या गाडीची जुनी खोड आहे. 1990 च्या आणि 91 च्या सुरुवातीच्या मियाटात क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं नाक आखूड होतं. टायमिंग बेल्ट बदलताना कुणी पुलीचा बोल्ट नीट आवळला नाही, की पुली हलते, आतली चावी (पुली जागेवर धरणारा छोटा लोखंडी तुकडा) आपली खाच खाऊन मोठी करते, आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी आणि व्हॉल्व्हची वेळ, सरकतं. माझदाने पुढे नाक लांब केलं. या वर्षांतली गाडी घेणार असाल तर टॉर्च घेऊन पुलीवरच्या खाचा मोजा. आठ असतील तर लांब नाक. चार असतील तर किंमत पाडून मागा.

मित्र चिप डिझाइनवाला, पण वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात वर्कशॉप. त्यामुळे कुठलीही वस्तू उघडायला त्याला निमित्त लागत नाही. तो म्हणाला, "इंजिन उतरवायचंच हाय, तर परत तेच 1.6 कशाला घालायचं लेका?" त्याच्या डोक्यात व्ही-8 होतं, म्हणजे आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन. लोक घालतात मियाटात व्ही-8, अगदी तयार किट मिळतात. माझ्या डोक्यात बायको होती. तडजोड 94 च्या मियाटातल्या 1.8 लिटरच्या इंजिनावर झाली. जुनं 1597 सीसी, 116 अश्वशक्ती. नवं 1839 सीसी, 128. बायकोने वजाबाकी केली आणि म्हणाली, "म्हणजे बारा?" मी टॉर्कचं काहीतरी पुटपुटलो.

94 ची एक मागून ठोकलेली गाडी अख्खी मिळाली. सुटं इंजिन घेऊ नका, अख्खी गाडीच घ्या. 1.8 ला वायरिंग वेगळं, कॉम्प्युटर वेगळा, हवा मोजायचं मीटर वेगळं (जुन्यात झडप उघडते, नव्यात तापलेली तार असते), क्लच 200 ऐवजी 215 मिलिमीटरचा. आणि जुन्या 1.6 ला ईजीआर नाहीच. म्हणजे धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था. 1.8 ला ती आहे, म्हणून तिच्या वायरी, नळ्या, व्हॉल्व्ह सगळं त्या ठोकलेल्या गाडीतूनच काढावं लागलं. वायरिंगसाठी डॅशबोर्ड सोडवला तेव्हा एक स्क्रू उरला. तो अजून माझ्या टेबलावर आहे. बाकी इंजिन उचलायचा भाड्याचा हॉइस्ट, एक चिमटलेलं बोट, पहिल्या सेल्फला स्टार्ट. संपलं.

आता मुख्य भानगड.

इथे जुन्या गाडीला दर दोन वर्षांनी धुराची तपासणी. ती झाल्याशिवाय नोंदणीचा नवा स्टिकर मिळत नाही. नोंदणीच्या कागदावर इंजिन नंबर नसतोच, त्यामुळे मी निवांत होतो. मित्राच्या वडिलांनी व्हॉट्सॲपवर विचारलंही होतं, "तिकडं आरटीओचं काय? इथं आरसीवर इंजिन नंबर असतोय, परवानगीशिवाय बदलता येत न्हाई." मी म्हटलं, काका, इथे तसलं काही नाही. हे वाक्य मी किती सहज बोललो होतो!

तपासणीवाल्याने बॉनेट उघडलं, हवेचं मीटर बघितलं, मागे हात घालून ईजीआरचा व्हॉल्व्ह चाचपला आणि विचारलं, हे 90 चं इंजिन नाही ना? मी खोटं बोललो नाही. त्याने नापासाचा कागद हातात ठेवला आणि म्हणाला, हे माझ्या अखत्यारीत नाही, रेफरीकडे जा.

रेफरी म्हणजे शिट्टी वाजवणारा नव्हे. इंजिन बदललेल्या गाड्या तपासायला राज्याने नेमलेले खास तपासनीस असतात आणि ते बसतात कम्युनिटी कॉलेजांच्या ऑटो शॉपमध्ये. नियम तसा समजण्यासारखा आहे. इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, जुनं चालत नाही. ते ज्या गाडीतून आलं तिचं प्रदूषण-मानक तुमच्या गाडीइतकं किंवा त्याहून कडक हवं. आणि त्या इंजिनासोबत मूळ गाडीत जी जी धूर-नियंत्रणाची यंत्रणा होती ती सगळी यायला हवी आणि चालायला हवी, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून पेट्रोलच्या वाफा धरणाऱ्या कोळशाच्या डब्यापर्यंत.

भेटीची वेळ आधी घ्यावी लागते. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून फोन लावला. 40 मिनिटं बासरीसारखं काहीतरी ऐकलं. मग एक बाई आल्या, गाडीचं वर्ष विचारलं, इंजिनाचं वर्ष विचारलं, आणि जवळच्या केंद्रावरची पहिली रिकामी तारीख सांगितली. साडेतीन आठवड्यांनंतरची. मी म्हटलं, जरा आधी? त्या म्हणाल्या, दूरच्या केंद्रावर याहून उशिराची आहे, हवी का?

नोंदणीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. इथे एक सोय आहे ती लक्षात ठेवा. नोंदणीचे पैसे आधी भरून टाका आणि नापासाचा कागद दाखवा, 50 डॉलरमध्ये 60 दिवसांचा तात्पुरता परवाना मिळतो. पण दोन वर्षांतून एकदाच. मी तो लाल-पांढरा कागद मागच्या काचेला चिकटवला आणि त्या दिवसापासून मोजायला लागलो.

सव्विसाव्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मित्राने सुट्टी टाकली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता, मुलगी बघायला निघाल्यासारखा. कॉलेजच्या मागच्या अंगाला शटर, आत चार लिफ्ट, पोरं कुठल्याशा पिकअप ट्रकचा गिअरबॉक्स उघडून बसलेली. रेफरी साठीचा, बारीक, तोंडातून शब्द न काढणारा. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा आरसा. अर्धा तास तो गाडीभोवती फिरला. इंजिनचा नंबर लिहिला. खाली जाऊन कन्व्हर्टरवरचा छाप वाचला. मित्र मागे मागे फिरून माहिती देत होता, रेफरीने एकदाही मान वर केली नाही.

मग त्याने पहिला प्रश्न विचारला. हे इंजिन ज्या गाडीतलं, ती कॅलिफोर्निया मानकाची होती की बाकीच्या राज्यांची? लेबल कुठे आहे?

लेबल बॉनेटच्या आतल्या बाजूला असतं. त्यावर इंजिन कुठल्या मानकाचं ते लिहिलेलं असतं आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नकाशा छापलेला असतो. आणि त्या ठोकलेल्या गाडीचं बॉनेट मी दोन महिन्यांपूर्वी दीडशे डॉलरला विकलं होतं. ॲल्युमिनियमचं, एक ओरखडा नाही, मला वाटलं मी मोठा व्यवहार केला. मित्राने माझ्याकडे बघितलं. मी पिकअपच्या गिअरबॉक्सकडे बघितलं.

रेफरी म्हणाला, आणा नंतर, पुढचं बघू. त्याने टायमिंग लाइट लावला. बॉनेटखालच्या डायग्नोसिसच्या डबीत दोन टोकं तारेने जोडायची असतात, मग इंजिन मूळ टायमिंग दाखवतं. दहा अंश हवं. आमचं चौदा होतं. आता चौदा का होतं? कारण मित्राने पहिल्याच दिवशी टायमिंगच्या सेन्सरचा बारा नंबरचा बोल्ट ढिला करून ते पुढे घेतलं होतं, "पिकअप बघ कसा येतोय," म्हणत. मला हे माहीत होतं. मी विसरलो होतो, असं नाही म्हणणार; मला वाटलं कोण एवढं बघतंय.

शेवटी गाडी रोलरवर पळवून धुराची तपासणी. 15 मैलांच्या वेगाला एकदा, 25 ला एकदा. हायड्रोकार्बन ठीक, कार्बन मोनॉक्साइड ठीक, नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी वर. रेफरीने पुन्हा आरसा घातला आणि फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) दोन नळ्यांवर बोट ठेवलं. उलटसुलट. ईजीआरचा व्हॉल्व्ह उघडतच नव्हता. त्याचं कामच ज्वलनाचं तापमान खाली ठेवणं, म्हणजे हे ऑक्साइड कमी होतात. तो बंद आणि वरून टायमिंग पुढे, मग काय होणार? नळ्या मित्राने आठवणीने जोडल्या होत्या, कारण नकाशा बॉनेटवर होता आणि बॉनेट मी विकलं होतं.

एका वाक्यात सांगायचं तर चूक पूर्ण आमची. आणि तरीही मला राग त्या ऑफिसचाच आला, तो अजून जात नाही. नळ्या बदलायला दोन मिनिटं. टायमिंगला पाच. मी विचारलं, आत्ता इथेच केलं तर परत बघाल? तो म्हणाला, नवीन वेळ घ्या. मागे पुढची गाडी नव्हती. तो हात पुसून सँडविच खायला गेला. मी पार्किंगमध्ये बसून पुन्हा फोन लावला, पुन्हा बासरी, आणि तारीख मिळाली ती परवान्याच्या सत्तावन्नाव्या दिवसाची. वाटेत हायवेवर आम्ही एक शब्द बोललो नाही. मिल्पिटासच्या अलीकडे मित्र म्हणाला, "दीडशेला इकलंस?"

मधल्या महिन्यात बॉनेट शोधलं. विकताना झालेले मेसेज पुसले नव्हते म्हणून बरं. घेणारा मोडेस्टोजवळ राहत होता, त्याने ते काळं रंगवायला दिलं होतं. मी त्याला फोन करून सांगितलं की आतल्या बाजूला कृपा करून रंग मारू नका. तो हसत होता. शनिवारी दीड तास गाडी चालवून गेलो, त्याच्या अंगणात दोन पिंपांवर उलटं ठेवलेलं बॉनेट, बाहेरून काळं, आत अजून पांढरं. पिवळट लेबल, एक कोपरा उचललेला. वाकून वाचलं: गाडी कॅलिफोर्नियाच्या मानकाची होती. तिथेच उभ्या उभ्या घाम पुसला. आठ फोटो काढले. त्याने चहा नाही पण लिंबाचं सरबत दिलं आणि मी तेच बॉनेट परत घेणार का ते विचारलं, तीनशेला.

अख्खी गाडी घ्या असं वर म्हटलं, त्यात हे जोडतो: घेतल्या दिवशी, पान्याला हात लावण्याआधी, लेबलचा, चॅसिस नंबरचा आणि प्रत्येक नळीचा फोटो काढा. विक्रीची पावती जपा. कन्व्हर्टर नवा घेणार असाल तर कॅलिफोर्नियाच्या मंजुरीचा क्रमांक कोरलेलाच घ्या, बाकी राज्यांत चालणारा स्वस्त मिळतो तो इथे नापास. आणि जायच्या आधी गाडी चांगली तापवून न्या, थंड कन्व्हर्टर काम करत नाही. आम्ही दुसऱ्या खेपेला 20 मिनिटं हायवेवर फिरवून नेली.

सत्तावन्नावा दिवस. तोच रेफरी, तोच आरसा. टायमिंग दहा. मी स्वतः लावलं होतं आणि सेन्सरवर खडूने रेघ मारून ठेवली होती, कुणी हलवलं तर कळावं म्हणून. मित्र ती रेघ बघून दुखावला. लेबलचे फोटो रेफरीने फोनवर बोटांनी मोठे करून वाचले. रोलरवर पंधराला पास, पंचवीसला पास. मग तो आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मला वाटलं पुन्हा सँडविच.

आला तेव्हा हातात लेबल होतं. दाराच्या चौकटीवरची जागा त्याने फडक्याने पुसली, लेबल लावलं, अंगठ्याने चारही कडा दाबल्या. आता पुढच्या खेपेला साधा तपासणीवाला हे बघून तपासेल, इथे यायला नको. जाताना तो पहिल्यांदाच आपणहून काही बोलला: वायरिंग नीट केलंय. मित्राने हे वाक्य त्या संध्याकाळी वडिलांना, बायकोला आणि माझ्या बायकोला सांगितलं.

आणि हो, एक राहिलंच. इंजिन बाहेर असतानाच टायमिंगच्या त्या सेन्सरची ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) बदला. पाच डॉलरचीही नसेल. या इंजिनाला तिथून तेल गळायची सवयच आहे, आणि इंजिन आत बसलं की तिथे हात मुश्किलीने जातो. आम्ही बदलली नाही. परवा गॅरेजच्या फरशीवर तेलाचा रुपयाएवढा डाग दिसला. म्हणजे सेन्सर काढावा लागणार, खडूची रेघ जाणार, टायमिंग नव्याने लावावं लागणार. मित्र शनिवारी सकाळी आठलाच येतो म्हणालाय.