आमची वाटचाल : धूर थोडा, वाळवण फार

आमच्या बरणीवर ‘धुरी दिलेली मिरची’ असं छापलेलं असलं, तरी आमचा धंदा खरा वाळवणाचा. धूर काही तासांत लागतो. माल टिकणार की बुरशीला जाणार, हे पुढच्या वाळवणावर ठरतं.

सुरुवात घरातच झाली. झाकणाच्या शेगडीत एका बाजूला निखारे, दुसऱ्या बाजूला जाळीवर पिकून लाल झालेल्या हालापेन्यो. ही मिरची जाड गराची, नुसती उन्हात टाकली तर वाळायच्या आधी कुजते. मेक्सिकोत म्हणूनच ती धुरावर वाळवतात आणि तिला चिपोटले म्हणतात. आधी ओळखीच्यांना वाटली, मग तेच पैसे देऊन मागू लागले. घरातून बाहेर पडावं लागलं ते मात्र ठसक्यामुळे. तापलेल्या मिरचीची वाफ अख्ख्या इमारतीला खोकायला लावते, शेजारी किती दिवस सोसणार? वेगळी शेड घेतली, धुराची खोली बांधली.

लाकडाबाबत आम्ही हट्टी आहोत. ओक किंवा फळझाडाचं, नीट सुकलेलं, एवढंच चालतं. चीड-देवदारासारखं राळेचं लाकूड आणि रंग लावलेल्या फळ्या आवारातही येऊ देत नाही. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरे लोट दिसायला भारी, पण मिरचीवर कडवट थर बसवतात. लाकूड ओलं असलं किंवा हवा कोंडली की असं होतं. अशा वेळी खालची झडप उघडायची, निखारे फुलू द्यायचे आणि मगच ट्रे आत.

धुरी झाली की मिरच्या ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या वाळवण-यंत्रात जातात. आधी देठ काढून उभी चीर दिलेली असते. उष्णता एकदम वाढवली तर साल कडक होते आणि ओल आत अडकते. वरून कुडकुडीत, आतून ओलसर अशी मिरची सर्वांत धोक्याची. म्हणून प्रत्येक घाण्यातला नमुना बंद काचेच्या बरणीत ठेवतो. काचेला आतून दव धरलं की सगळा घाणा परत यंत्रात. शेवटी ओलावा मोजतो, १० टक्क्यांच्या आसपास आला की पुढे. धुराने बुरशी मरते असं पुष्कळांना वाटतं, पण त्यावर विसंबून चालत नाही. ओल राहिली तर बुरशी धरते, आणि काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन हे विष पुढे शिजवूनही पुरतं जात नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणी करतो. खर्चिक आहे, पण ती टाळून हा धंदा करू नये.

‘एवढी महाग का?’ हा नेहमीचा प्रश्न. दहा किलो ताज्या हालापेन्योची वाळून जेमतेम किलोभर होते, बाकी पाणी. लाकूड, वीज आणि माणसांची मजुरी वेगळी.

मधल्या काळात मोठ्या ऑर्डरी आल्या. एकाला वाळक्या मिरचीवर नुसता द्रवरूप धूर, म्हणजे धुराचा पातळ अर्क, फवारून हवा होता. आम्ही नाही म्हटलं. पैसा चांगला होता, हेही खरं.

भुकटी सुरू केल्यावर पारदर्शक बरण्या सोडल्या, कारण उजेडात लाल रंग उडतो. तिखटपणाचं विचाराल तर स्कोव्हिल मोजपट्टी १९१२ पासून आहे, पण हालापेन्योच २,५०० ते ८,००० च्या दरम्यान कुठेही भरते. म्हणून आम्ही आकडा छापत नाही. सौम्य, मध्यम, जहाल एवढंच लिहितो.

सध्या हाबानेरो या जहाल मिरचीवर काम चाललंय. तिला फळासारखा वास असतो, आणि धूर जरा जास्त झाला की तोच आधी दबतो. त्यामुळे तिला अगदी थोडी धुरी देऊन पाहतोय. तिची पूड करताना मास्क आणि चष्म्याशिवाय कोणी आत जायचं नाही, हा नियम मालकालाही लागू आहे.