एक गुंडी सूत

इंग्लंडमध्ये लीड्सला राहायला आल्यापासून हातकताई शिकायचं डोक्यात होतं. शेवटी हॅलिफॅक्सच्या बाजूला एका वर्गात नाव घातलं. तिथे अठराव्या शतकातल्या रीतीने वर्स्टेड, म्हणजे विंचरलेल्या लांब लोकरीचं सूत काततात.

आधी विंचरणी. लांब तंतूंची लोकर तेल लावून, तापवलेल्या पोलादी फण्यांनी विंचरायची. पूर्वी हे काम बाप्यांचं आणि कताई बायका-मुलांची. मग मोठं चाक, तेही उभ्यानेच! उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हातातून लोकर सोडत मागे सरकायचं, पीळ बसला की पुढे येऊन सूत चातीवर (चाकाने फिरणाऱ्या सळईवर) गुंडाळायचं. थोड्या वेळात पाठ बोलायला लागली. सूत एका जागी शेवयांसारखं, दुसरीकडे चक्क सुतळी.

खरी गंमत फाळक्यावर, म्हणजे सूत मोजून गुंडाळायच्या चौकटीवर. एक वार घेराच्या फाळक्यावर ८० फेरे झाले की एक लटी. अशा ७ लट्यांची एक गुंडी, म्हणजे ५६० वार. त्या काळी मजुरी या गुंडीवर. लोकर व्यापाऱ्याची. तो ती डोंगरातल्या गावांत दुकानदारांकरवी वाटायचा आणि दुकानदार मध्ये आपलं कमिशन घ्यायचा. ८० ऐवजी ७४ फेरे घातले तर? मी मुद्दाम घालून पाहिले. दोन लट्यांतली कमी कोणती, ते शेजारच्या बाईंना काही ओळखता येईना.

व्यापाऱ्यांना हे पुरतं ठाऊक होतं. १७७७ मध्ये त्यांनी पार्लमेंटकडून कायदा करून घेतला आणि वर्स्टेड कमिटी उभी राहिली. तिचे निरीक्षक गावोगाव हिंडायचे; लटी कमी भरली की दंड. कमिटी सगळी कारखानदारांची. कातणारीच्या बाजूने मोजायला कोण होतं?

जाता जाता हॅलिफॅक्सचा पीस हॉलही पाहिला. १ जानेवारी १७७९ ला उघडलेला, ३१५ खोल्यांचा, कापडाचा बाजार. तेव्हा शनिवारी सकाळी १० ते १२ एवढाच सौदा चालायचा. व्यापारी कच्चा माल देतो आणि खेडूत राबतो, एवढंच आपण शाळेत शिकलेलो. पण इथले कितीतरी लोकरी विणकर स्वतःच लोकर विकत घेऊन, घरी विणलेलं ठाण स्वतःच विकायला आणत. त्यांची गोष्ट कातणाऱ्या बायकांपेक्षा फार वेगळी.

माझी गुंडी शिकवणाऱ्या बाईंनी फेरे मोजून घेतली. भरली पूर्ण, पण पीळ सैल. ताण्याला (उभ्या धाग्यांना) चालणार नाही म्हणाल्या, बाण्यात (आडव्या धाग्यांत) घाल.