चैत्र, मळ्यावरून

पाडवा

गुढी उतरायच्या आत पुरणाचं सगळं आवरलं. हे मात्र सकाळीच यात्रा कमिटीच्या माणसांबरोबर नारायणगावला गेले होते. पाडव्याला तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. तमाशासम्राज्ञी विठाबाईंचं गाव ते. आपल्या यात्रेला कुठला फड येणार, हे आमच्याकडं पाडव्यालाच ठरतं.

यंदा जायच्या आधीच एक वाद झाला. कमिटीतल्या काही तरुण पोरांचं म्हणणं होतं की तमाशा दुपारचा ठेवा, अंधार पडायच्या आत सगळी घरी. बिबट्याचं भय खोटं नाही, ते काही वाईट बोलत नव्हते. पण आमचे चुलत सासरे उठून म्हणाले, "देवाची यात्रा दिवेलागणीला मिटवायची का? मग पालखी तरी कशाला काढता?" शेवटी ठरलं ते असं : तमाशा रात्रीच होईल, आणि तो सुटल्यावर मळ्यामळ्यानं ट्रॅक्टर-ट्रॉल्या माणसं सोडतील. कुणी पायी जायचं नाही, मोटरसायकलवर एकट्यानं तर नाहीच.

मला हा निर्णय फार आवडला. संध्याकाळी आत्याबाईंना सांगितला तर त्यांनी हात जोडले.

आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सगळं गाव गावठाणात राहायचं. भिंतीला भिंत, आणि दिवसभर कुणी ना कुणी ओट्यावर. मग आपल्या जुन्नर तालुक्यात कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, वडज. आमच्या अंगाला पिंपळगाव जोग्याचा कालवा आला. ज्या रानात बाजरी आणि मटकीशिवाय काही येत नव्हतं तिथं ऊस, कांदा, टोमॅटो झाला. पाणी आलं तसा जो तो आपापल्या रानात घर बांधून राहायला गेला. कालव्यानं आमचं भलं केलं, पोरं शिकली ती त्याच पाण्यावर. पण घरं लांब गेली आणि घराघरांमध्ये ऊस उभा राहिला. त्या उसात बिबट्या राहायला आला. बारा-चौदा महिने हलत नाही असं रान, आत गारवा, जवळ पाणी, खायला कुत्री आणि शेळ्या. त्याला डोंगरात परत जायचं कारणच उरलं नाही. आज जे बिबटे फिरतात त्यातल्या कित्येकांचा जन्मच उसातला आहे.

सोमवार, बेल्ह्याचा बाजार

बाजाराचा दिवस म्हणून बाया मिळणार नाहीत असं वाटलं होतं, पण टोळी आली. पिकअपमधून उतरल्या उतरल्या कांद्याला बसल्या.

कांदा उपटून ठेवला होता. एका ओळीच्या पातीनं मागच्या ओळीचे कांदे झाकायचे, म्हणजे उन्हानं भाजत नाहीत. दोन-तीन दिवसांनी पात मलूल झाली की विळ्यानं कापायची. आमच्या टोळीतल्या मोठ्या बाईचा हात बघत राहावा असा आहे. डाव्या हातात कांदा, उजव्या हातातला विळा जागचा फारसा हलत नाही, कांदाच त्याच्यावर येतो आणि मान इंचभर राखून पात बाजूला पडते. ती इंचभर मान महत्त्वाची. बुडाला धरून कापलं तर साठवणीच्या चाळीत कांद्याच्या तोंडातून हवा-पाणी शिरतं आणि आषाढात सगळी चाळ वास मारायला लागते. नवीन पोरगी घाईनं कापायला लागली की ही न रागावता तिच्या हातातला कांदा घेते, एक कापून दाखवते, परत देते. गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा, जोडकांदा वेगळा, चांगला माल चाळीला. आळेफाट्याला दहा किलोचा भाव काय निघाला याची चौकशी दिवसभरात प्रत्येकीनं केली. स्वतःचा कांदा नसला तरी करतात, कारण मालकाला भाव मिळाला तर मजुरीचं मागं-पुढं होत नाही.

पूर्वी या बाया सूर्य बुडेपर्यंत काम करायच्या आणि मग चहा घेत निवांत बसायच्या. आता साडेपाचला उठतात. काम चालू असतानाही दोघी आड एक उभी राहते. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतं, असं वनखात्याच्या माणसांनी सांगून ठेवलंय. मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावलेली असतात, तीही करमणुकीसाठी नाही.

या आठवड्यात लाइट रात्रीची आहे. आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री, असं थ्री फेजचं वेळापत्रक. रात्री अकराला मोटर चालू करायची आणि वाफे बदलायला दोघांनी जायचं. हे आणि भाऊजी गेले, बॅटरी, घुंगराची काठी, फोनवर भजन लावलेलं. जाऊबाई आणि मी ओसरीत बसून राहिलो. लोखंडी जाळीचं दार आतून लावलेलं. झोप येत नाही असं आम्ही एकमेकींना सांगत नाही, नुसत्या जाग्या असतो. पलीकडच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला 2025च्या शेवटी माणसं बळी गेली, त्यानंतर तिथल्या बाया-माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागली. त्या पट्ट्यांचे फोटो मी पाहिले आणि फोन बाजूला ठेवला. जी बाई आपल्याला चार घास मिळावेत म्हणून खुरपायला जाते, तिच्या गळ्यात खिळे यावेत, हे मला आजही सोसत नाही.

उसाचा शेवटचा तुकडा

शेजारच्या मळ्यात कारखान्याची तोड आली. सीझन संपत आलाय, टोळी बीडकडची, हा तुकडा उरकला की गावाकडं निघणार. पहाटेपासून कोयते चालू होते. आठच्या सुमाराला एकदम सगळे थांबले आणि बाया पोरांना उचलून बांधावर आल्या.

सरीत पाचटावर दोन पिल्लं होती. मी लांबूनच पाहिली, पण पाहिली. मांजराएवढी असतील. अंगावर ठिपके अजून नीट उमटले नव्हते, डोळे निळसर, आणि एकाचं तोंड दुसऱ्याच्या पोटाखाली. कुणी हात लावला नाही. पोलीस पाटलांनी वनखात्याला फोन केला, दुपारी माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून डॉक्टर आले. त्यांनी पिल्लं तपासली, गोचिड काढले, आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून वर कॅमेरा लावला. आई रात्री येऊन तोंडात धरून नेते. पिल्लं सापडली नाहीत तर ती चवताळते आणि मग वस्तीवर संकट येतं, म्हणून हे फार जपून करतात.

टोळीतली एक ओली बाळंतीण बांधावर बसली होती. तिचं बाळ झोळीत, कोपीला वरून फक्त ताडपत्री. म्हणाली, "ताई, तिची पोरं उसात, माझीबी पोरं उसात." मी तिला आणि दोघी-तिघींना त्या रात्री आमच्या पडवीत झोपायला बोलावलं. मुकादम आधी नको म्हणाला, मग तयार झाला. सगळेजण बिबट्यापासून गावाला वाचवायचं बोलतात, त्यात ही उसाच्या कडेला कोपी घालून राहणारी माणसं मोजलीच जात नाहीत. दाराला कडी असलेलं घर आमच्याकडं आहे. त्यांच्याकडं दारच नाही.

पहाटे क्रेट रिकामं होतं. दोन्ही नेली.

चैत्र वद्य अष्टमी, यात्रा

सकाळी मांडवडहाळे. आंब्याच्या आणि उंबराच्या डहाळ्या लावलेल्या बैलगाड्या वाजतगाजत देवळाकडं. हल्ली गाड्या कमी, ट्रॅक्टर जास्त, पण पहिला मान बैलगाडीचाच. दुपारी शेरणी. ज्याचा नवस फिटला त्यानं आपल्या वजनाएवढा गूळ वाटायचा. लेकी आल्या होत्या, त्यांची पोरं, जावई. घरात जेवणाच्या पंक्ती उठत होत्या आणि बसत होत्या.

घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे सुरू झाले आणि भोंग्यावरचं "भिर्रर्र" आमच्या मळ्यापर्यंत ऐकू यायला लागलं. 2014ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा आमच्या यात्रेचा निम्मा जीव गेला होता. कित्येकांनी बैल विकले. लेकी यायच्या, देवाला नारळ फोडून दुपारीच परत फिरायच्या. 16 डिसेंबर 2021ला अटी घालून परवानगी मिळाली आणि 18 मे 2023ला घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आता डॉक्टरांचा दाखला लागतो, चाबूक चालत नाही. माझ्या मते हे बरं झालं. शर्यत राहिली आणि बैलाचे हालही थांबले. अटी कागदावर राहू नयेत एवढं बघायचं काम आता आपलं, गाववाल्यांचं आहे.

रात्री छबिना निघाला. पालखीपुढं ढोल-लेझीम, दारूकाम. मग तमाशा. गण झाला, गवळण झाली, बतावणीला बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मागच्या बाजूला पोरांनी ट्यूबलाइटची ओळ लावली होती. एवढी माणसं रात्री उघड्यावर एकत्र बसलेली मी यात्रेशिवाय कधी पाहत नाही.

सुटायला दोन वाजून गेले. आमच्या बाजूची ट्रॉली भरली, आत्याबाईंना पुढं पोत्यावर बसवलं. त्या कितीतरी दिवसांनी रात्रीच्या बाहेर होत्या. प्रत्येक वळणावर बोट दाखवून सांगत होत्या, इथं अमक्याची विहीर होती, इथं आम्ही हुरडा खायचो, या चिंचेखाली रात्री बायांचा भोंडला व्हायचा. माझ्या जाऊबाईंची शहरात वाढलेली भाची विचारत होती, "रात्री? इथं?" ट्रॉली एकेका मळ्यावर थांबायची, माणसं उतरायची, दार उघडून आत गेल्याचा आवाज आला की मगच ड्रायव्हर गाडी पुढं काढायचा. त्या पोराला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं.

दुसरा दिवस

सकाळी तमाशाच्या हजेऱ्या, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. शेवटची कुस्ती बरोबरीत सुटली. पाहुणे गेले. घर झाडलं, तीन पाट्या निघाल्या.

हिशोबाचा दिवस

देवळात हिशोब झाला. वर्गणी चांगली जमली होती, सुपारी, मांडव, इनाम वगळून रक्कम शिल्लक राहिली. नेहमीप्रमाणं कुणी म्हणालं सभामंडपाला फरशी, कुणी म्हणालं कमान.

आमच्या बचतगटाच्या बाया या वेळी मुद्दाम गेलो होतो. देवळातल्या बैठकीत बायांनी बोलायची पद्धत नाही, पण मनाई कुणी केलेली नाही. कांद्याच्या टोळीतली मोठी बाई उभी राहिली आणि म्हणाली, "देवाला कमान नको. मळ्याच्या रस्त्याला दिवे लावा. पोरं क्लासवरून येत्यात." थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग चुलत सासऱ्यांनीच सांगितलं, लिहा. सौर दिव्यांचे खांब लावायचे, जिथं उसातून रस्ता जातो आणि जिथं शाळेची पोरं एसटीला थांबतात तिथं आधी.

खरा विषय नंतर निघाला, दिवसाच्या लाइटचा. दिवे लावले तरी रात्री अकराला वाफ्यात जाणारा माणूस अंधारातच जाणार. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळच्या सरकारी किंवा गायरान जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहतो आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळते. आमचं गायरान सबस्टेशनपासून जवळ आहे. तरुण पोरं म्हणाली, ठराव करू. लगेच धनगरवाड्यातले एक काका उठले, "गायरान दिलं तर शेरडं-मेंढरं कुठं चारायची? उसाच्या बांधाला?"

त्यांचं म्हणणं मला पटलं. बांधाला शेळ्या गेल्या की बिबट्याला आयतीच मेजवानी, आणि राखणारा पोरगा दहा-बारा वर्षांचा. म्हणून सगळं गायरान द्यायचं नाही, ओढ्याकडची बाजू चराईला राखायची आणि खडकाळ टेकाड प्रकल्पाला द्यायचं, असा मधला मार्ग निघाला. मोजणी केल्याशिवाय किती जागा बसते ते कळणार नाही. तलाठ्यांना उद्या भेटायचं ठरलंय.

1 मेच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा. महिलांची सभा त्याच्या आदल्या दिवशी शाळेत, दुपारी चारला. धनगरवाड्यातल्या बायांना निरोप मी देणार आहे, आणि सह्यांचा कागद जाऊबाईंकडं आहे.