४,२९,४९,६७,२९७
आजचा दिवस या संख्येचा. २ चा ३२ वा घात अधिक १. गणितज्ञ फर्माला ती मूळ (अविभाज्य) वाटली. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये फोडली: ६४१ × ६७,००,४१७.

६४१ च का? या मोठ्या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक १२८ क + १ (क पूर्णांक) असाच असतो. १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत. २५७ (= २^८+१) ही आपल्या संख्येसारखीच फर्मा संख्या, म्हणजे २ च्या २^न व्या घातात १ मिळवून येणारी; अशा दोन संख्यांना सामाईक विभाजक नसतो, म्हणून बाद. पुढचा थेट ६४१!

पडताळायला भागाकारही नको. ६४१ = ५×१२८+१, म्हणून ५×२^७ ला ६४१ ने भागल्यावर बाकी −१; चौथा घात घेतला की ५^४×२^२८ ची बाकी १. पण ६४१ = ५^४+२^४, म्हणजे ५^४ च्या जागी −२^४. झालं, २^३२ ची बाकी −१, म्हणून २^३२+१ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. (इथे चिन्ह हमखास चुकतं.)

कोडमध्ये ही संख्या काढताना ३२ बिटचा इंटिजर (पूर्णांक) घेऊ नका, संख्या त्यात न मावून (ओव्हरफ्लो होऊन) नुसता १ उरतो.